जहाजाची वेळ

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही म्हणाल, सगळे असंच म्हणतात. म्हणा. मला नुसतं घाबरवायचं असतं तर मी अमावस्या लिहिली असती, पिंपळ लिहिला असता, लाईट घालवली असती.

यात तसलं काहीच नाही.

हे सुरू झालं भर दिवसा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. लख्ख ऊन. अंगणात भात वाळत घातलेलं, आणि त्यावर कावळे येऊ नयेत म्हणून मी काठी घेऊन बसलेली.

ठिकाण काळबादेवी. रत्नागिरीहून आरे-वारेला जाताना वाटेत लागतं. रस्त्याच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. आमच्याकडे लाटांचा आवाज कधीच थांबत नाही. पाहुणे पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्हाला मात्र तो ऐकूही येत नाही, इतका तो कायमचा.

मी शमिका. आता दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. मग मी घड्याळांचं पेज सुरू केलं, लोक मला प्रश्न विचारायला लागले, मला उत्तरं येत होती... आणि माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. बाई म्हणतात, "शमिका, मधे श्वास घेत जा."

पेज जुन्या रशियन घड्याळांचं आहे. सोव्हिएत काळातली, बिनबॅटरीची, रोज चावी द्यायची. त्यातही मला एकाच प्रकाराचं वेड. चोवीस तासांची डायल. म्हणजे तासकाटा दिवसातून एकदाच फिरतो. सगळ्यात वर चोवीस, सगळ्यात खाली बारा. भर दुपारी बाराला तासकाटा खाली आणि मिनिटकाटा वर. शेजारच्या सावित्रीकाकींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "काय गो, जेवायच्या वेळेला संध्याकाळचे सहा वाजलेत तुझ्याकडे?"

ज्यांना बाहेर बघून दिवस की रात्र ते कळत नाही, त्यांच्यासाठी ही घड्याळं. पाणबुडीतली माणसं, बर्फातली माणसं.

माझ्याकडे सात आहेत. सातही दादाने आणलेली.

दादा म्हणजे गौरव. माझा सख्खा भाऊ. जहाजावर खलाशी. जिथे बंदर लागेल तिथला जुना बाजार शोधायचा आणि तिथून मला व्हिडिओ कॉल लावायचा.

"शमे, हे बघ. घेऊ?"

"मागचं झाकण उघडायला सांग. काटे बदललेत दादा, हे जोडकाम आहे. नको."

"अगं पण म्हातारा रडवेला होऊन बघतोय माझ्याकडे."

"मग घे. म्हाताऱ्यासाठी घे."

असा होता तो.

सगळ्यात भारी रशियन घड्याळ त्याने शेवटच्या खेपेला दिलं. राकेता. डायलवर गोल पट्टे, तीन रंगांचे. लाल, निळा, हिरवा. दादानेच समजावलं. जहाजावर चार-चार तासांची पाळी असते, तिला वॉच म्हणतात. बारा ते चार एकजण, चार ते आठ दुसरा, आठ ते बारा तिसरा. मग परत पहिला. रात्रंदिवस. तिघं लागतात.

"माझी चार ते आठ," तो म्हणाला. "पहाटेची आणि संध्याकाळची. लुकआउट. वर उघड्यावर उभं राहायचं आणि समोर बघायचं. बस."

"आणि कंटाळा आला तर?"

"रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नसते. मेलो तरी."

मग त्याने ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. "हे पेटीत नाही ठेवायचं. हे जहाजाच्या वेळेवर चालवायचं."

आमच्याकडे बोटीवरच्या माणसांच्या घरात असं एक घड्याळ असतंच. राकेताच्या आधी आमच्या घरात त्यासाठी दुसरं होतं. घरात दोन वेळा चालतात. एक आपली, एक त्याची. जहाज पश्चिमेला निघालं की दादाचा मेसेज यायचा, 'एक तास मागे.' की मी घड्याळ मागे करायचे. म्हणजे आईला कळायचं, आता तो जेवत असेल, आता झोपला असेल. आणि तो घरी आला की आधी उंबऱ्यातच उभा राहून स्वतःच्या हाताने ते घड्याळ घरच्या वेळेवर लावायचा. मग पाय धुवायचा. मग चहा.

हे सावित्रीकाकींनी आईला शिकवलेलं. त्यांच्या यजमानांचा जन्म बोटीवर गेला. दादा पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माणूस दारात आल्याशिवाय ते घड्याळ घरच्या वेळेवर आणायचं नाय हां. त्याचं त्यानेच आणायचं."

आईने विचारलं, का?

"तसंच असतं ते."

गणपती झाले आणि कंपनीचा फोन आला.

सकाळी आठ वाजता पुढचा माणूस पाळी घ्यायला वर गेला. दादा तिथे नव्हता. कठड्यावर त्याचा चहाचा मग होता, अर्धा भरलेला. अजून कोमट होता म्हणे. जहाज मागे फिरलं. शोधलं. मग शोधायचं थांबवलं.

'मिसिंग' म्हणाले.

मेला असं कोणीच म्हणालं नाही. तेच वाईट झालं. बाबा पालीला दुकानात जायचे, संध्याकाळी यायचे, दोन घास खाऊन उठायचे. आई तर रडलीसुद्धा नाही. नुसती दिवसभर तोंड बंद करून कामं करायची. घासलेली भांडी परत घासायची. आणि मला एकच भीती होती, की दादा तर गेला, आता आईपण अशीच आतल्या आत कुठेतरी निघून जाईल आणि आम्हाला कळणारही नाही.

मी रोज सकाळी राकेताला चावी देत होते. जहाजाच्या वेळेवर.

आता तो शनिवार.

मी अंगणातून पाणी प्यायला आत आले. आई स्वयंपाकघरात खाली बसली होती. हातात राकेता. तिने त्याची चावी बाहेर ओढली होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काटे फिरवत होती.

"आई, काय करतेस?"

"घरच्या वेळेवर लावत्ये."

"तो आलेला नाहीये, आई."

"कंपनी काय म्हणते? जहाजावर नाही. बरोबर? मग जहाजाच्या वेळेवर कशाला ठेवायचा त्याला?" हिशोब पटवून द्यावा तसं म्हणाली. "तिथे नाही म्हणजे इथेच येणार. दुसरं आहे कोण त्याला?"

तिने चावी आत दाबली. घड्याळ माझ्या हातात दिलं.

तासकाटा सोळावर होता. चार वाजले होते.

आणि...

बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली.

आमचा जिना घराच्या बाहेरून आहे, थेट गच्चीवर जातो. अनवाणी पावलं. सावकाश. एकेक पायरी चढत वर गेली. मी धावत बाहेर आले. जिना रिकामा. ऊन. अंगणात भात तसंच.

वर पावलं फिरत होती. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

"आई, वर कोण आहे?"

आई छताकडे बघत होती. गणपतीनंतर पहिल्यांदा तिचा चेहरा हलला.

"त्याची चार ते आठ असते ना," ती म्हणाली.

आठ वाजले. पावलं उतरली नाहीत.

बाबा आले, जेवायला बसले. वर पावलं चालूच. मी बाबांकडे बघत होते. ते शांतपणे भाताचा घास करत होते.

"बाबा, काही ऐकू येतंय?"

"काय?"

"वर."

त्यांनी ऐकल्यासारखं केलं. "समुद्र," म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

मला समुद्र ऐकू येत नव्हता.

जो आवाज जन्मापासून कधी थांबला नाही, तो नव्हता. त्याच्या जागी दुसरंच काही होतं. खूप खालून. आवाज म्हणावा असाही नाही. जमिनीवर पाय टेकवला की तळव्याला कळायचं. थरथर. मी बाबांच्या पेल्याकडे बघितलं. त्यांचं पाणी स्थिर होतं. माझ्या पेल्यातलं पाणी हलत होतं. बारीक बारीक गोल.

दादा एकदा सांगत होता, इंजिनची घरघर पहिला आठवडा त्रास देते. मग सवय होते.

सोमवारी सावित्रीकाकी अळूची पानं घेऊन आल्या. पडवीत बसल्या, नेहमीसारख्या बोलत होत्या. "काय गो, तुझ्या त्या घड्याळवाल्या पेजवर माझा फोटो टाक म्हटलं होतं, टाकलास काय? का म्हाताऱ्या चालत नाहीत?" मग त्यांचं माझ्या मनगटाकडे लक्ष गेलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"ही वेळ कोणी लावली?"

"आईने."

"कधी?"

मी सांगितलं. त्यांनी पानं खाली ठेवली.

"तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"आई आणि मी."

"विनोद?"

"बाबा पालीला होते."

त्या उठल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी मला हात द्यावा लागतो, त्या दिवशी एकट्याच उठल्या. पायरी उतरल्या, अंगणात गेल्या आणि तिथून बोलल्या.

"तुम्ही त्याला खाली नाय आणलंत गो. तुम्ही दोघी वर चढलात, त्याच्या बोटीवर."

"म्हणजे काय, काकी?"

"लाटा कुठे फुटतात? किनारा असला तर फुटतात." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तुला ऐकू येतायत?"

मी काही बोलले नाही. मी. जिला बाई श्वास घ्यायला सांगतात.

काकी त्यानंतर आमच्या पायरीवर चढलेल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी राकेता एक तास मागे होती. थांबली नव्हती. मिनिटकाटा बरोबर, सेकंदकाटा फिरतोय. फक्त तासकाटा एक घर मागे. मी घड्याळांची पोरगी आहे, मला कोणी सांगू नये. घड्याळ बिघडलं तर मिनिटं चुकतात. बरोबर एक पूर्ण तास कोणीतरी मागे करावा लागतो.

पुढच्या आठवड्यात आणखी एक तास मागे.

आम्ही पश्चिमेला चाललो होतो.

वर पावलं चालूच होती. दिवसा, रात्री. एकदाही न थांबता. आईला ते सहन होईना. आधी ती खूश होती, तो आहे म्हणून. मग ती मोजायला लागली. "किती वेळ उभा आहे पोर. पाणी नाही, झोप नाही. सोडायला कोणी गेलंच नाही ना त्याला."

आणि हे खरंच होतं. पुढचा माणूस वर गेला तेव्हा दादा तिथे नव्हता. म्हणजे त्याने पाळी कोणाला दिलीच नव्हती. तो अजून ड्युटीवर होता.

एका सकाळी राकेतात आठ वाजले तेव्हा आईने हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि जिना चढून गेली. मी खालच्या पायरीवर उभी होते. तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"गौरव, मी आल्ये. जा बाळा, नीज."

पावलं थांबली.

मग... जिन्यावरून खाली यायला लागली.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. माझ्या बाजूने काहीतरी गेलं. गार. डिझेल आणि ओल्या दोरखंडाचा वास. पडवीतली त्याची खाट करकरली, कोणीतरी एकदम अंग टाकावं तशी.

मी चादर आणून खाटेवर पसरली. मधे ती सपाट झाली नाही.

दुपारचे बारा वाजले. आई खाली आली नाही.

एक वाजला. दोन वाजले. मी वर गेले. आई कठडा धरून समुद्राकडे बघत होती. उन्हाने तिचे ओठ फुटले होते.

"आई, चल खाली."

"आठ ते बारा माझी."

"बारा कधीच वाजून गेले."

"रिलीव्हर नाही आला गो," ती म्हणाली. त्रासिक नाही, काही नाही. बस चुकली असं सांगावं तसं.

मी बाबांना फोन केला. ते पालीहून आले. त्यांनी आईला हाताला धरून ओढलं, मग समजावलं, मग माझ्या देखत रडले. तिची बोटं कठड्यावरून सुटत नव्हती. चार वाजता पडवीतली खाट वाजली, पावलं वर आली, बाबांच्या अगदी जवळून गेली. बाबांनी वळूनही बघितलं नाही. पण आईची बोटं सैल झाली. ती निमूट खाली आली, भाकऱ्या केल्या, आणि आठ वाजता परत वर गेली.

मधली पाळी कोणाचीच नव्हती. ती आईलाच पडत होती. आठला चढायची ती चारला उतरायची. रात्री तेच. ती वाळत चालली. डॉक्टर म्हणाले धक्का बसलाय, गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन ती उभ्यानेच झोपायची, पण उभीच.

तिसऱ्या दिवशी बाराला मी वर गेले.

दुसरं काय करणार होते? कोणी सांगावं.

"आई, मी आल्ये. जा तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं नको म्हणेल. आई आहे ना, म्हणायला हवं होतं. पण ती इतकी दमली होती. "समोर काही नाही," एवढं म्हणाली, आणि गेली.

मी समोर बघितलं. समुद्र होता. निळा, उन्हात चमकणारा, सुट्टीतले लोक फोटो काढतात तसला. पण मधला रस्ता दिसत नव्हता. सुरूचं बन दिसत नव्हतं. गच्चीच्या कठड्यापासून पाणीच सुरू होत होतं. मागे आमची आंब्याची कलमं असायला हवीत, कातळ असायला हवा. मी मागे बघितलं नाही. अजूनही बघत नाही.

वारा समोरून येत होता. एकसारखा. आपण पुढे जात असलो की येतो तसा.

चार वाजता खाली खाट वाजली. पावलं चढली. माझ्या मागे येऊन थांबली.

मला एवढं बोलायचं होतं. काय झालं होतं दादा? पडलास का? दुखलं का? तू हाक मारलीस आणि कोणाला ऐकू गेली नाही, असं झालं का? घरी चल ना.

तोंडातून निघालं ते एवढंच.

"समोर काही नाही."

आणि मग... माझ्या मनगटावरच्या राकेताची चावी फिरायला लागली. करकर, करकर. कोणीतरी ती दोन बोटांत धरून देत होतं. बोटं मला लागत होती. बर्फासारखी, आणि पाण्यात खूप वेळ राहिल्यावर होतात तशी मऊ.

पूर्ण चावी दिली. मग हात काढला.

मी उतरले.

आमची शाळा सकाळची आहे, राकेतात बारा वाजायच्या आत मी घरी पोचते. रात्रीची बारा ते चार पण माझीच, राकेता फार मागे असली की शाळा बुडते. बाई विचारतात, "शमिका, आजकाल गप्प का?" मी सांगते, अभ्यास. पेजवर मात्र मी अजून बोलते. लोकांना कळत नाही. एकाने विचारलं, हे तीन रंगांचं घड्याळ विकणार का. मी नाही म्हटलं.

निदान बाबा होते. रात्री मी जिना चढताना त्यांच्या घोरण्याचा आवाज यायचा. ते किनाऱ्यावर होते. कोणीतरी किनाऱ्यावर असलं की हाक मारता येते, असं मला वाटायचं.

गेल्या रविवारी मी आंघोळीला गेले तेव्हा राकेता टेबलावर काढून ठेवली होती. बाहेर आले तर ती बाबांच्या हातात. ते टीव्हीवरची वेळ बघून काटे फिरवत होते.

"बाबा, नको."

"अगं पाच तास मागे आहे हे. म्हणून आईची वेळेची गल्लत होते. घरात एक वेळ चालली की येईल ती ताळ्यावर." ते हसले. कितीतरी दिवसांनी. "तुझ्या दादाचं घड्याळ बिघडून कसं चालेल?"

चावी आत दाबली.

टक.

मी त्यांच्या हातातल्या चहाच्या कपाकडे बघितलं. चहावर बारीक बारीक गोल उठत होते.

बाबांनीही तिकडे बघितलं. कप खाली ठेवला. दारात गेले, रस्त्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मग आत आले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "शमे, आज भरती आहे की ओहोटी?"

मी म्हटलं, "ओहोटी."

आता बाबा सकाळी पालीला जायला निघतात आणि अंगणाच्या टोकाशी, पुढे पाणी असल्यासारखे थबकून, परत येतात. विचारलं तर म्हणतात, उद्या जातो.

आज सकाळी राकेता परत एक तास मागे झाली.

हे लिहिलं ते शाळेतून आल्यावर, घाईघाईत. राकेतात बारा वाजत आलेत. वर आई वाट बघतेय. कोणी मला विचारेल, कुठे चालला आहात तुम्ही? मला माहीत नाही. लुकआउटला ते कोणी सांगत नाही. त्याने फक्त समोर काय दिसतंय ते सांगायचं असतं.

समोर काही नाही.